भालचंद्र नेमाडे : कवी, कादंबरीकार आणि सिद्धान्ताची सावली

प्रास्ताविक

स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्याच्या इतिहासात भालचंद्र नेमाडे यांचे नाव तीन स्वतंत्र प्रकरणांत घ्यावे लागते. कादंबरीच्या प्रकरणात 'कोसला'शिवाय पुढे जाता येत नाही. समीक्षेच्या प्रकरणात 'टीकास्वयंवर' आणि देशीवाद यांची दखल अपरिहार्य ठरते. साठोत्तरी कवितेच्या प्रकरणात 'मेलडी'चा उल्लेख येतो, परंतु तो बहुधा एखाद्या वाक्यापुरताच असतो. एकाच लेखकाची अशी तीन ठिकाणी विभागणी झाल्यामुळे त्याच्या निर्मितीचा एकसंध विचार मागे पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या तिघांपैकी समीक्षक नेमाडे इतके प्रभावी ठरले आहेत की, कादंबरीकार आणि कवी यांचे वाचनही त्यांच्याच चष्म्यातून होऊ लागले आहे. 'कोसला' ही देशीवादी कादंबरी, 'चतुष्टय' हा देशीवादी वास्तवाचा विस्तार आणि 'हिंदू' ही देशीवादाची परिणती, असे सोपे समीकरण अभ्यासात रूढ झाले आहे.

हे समीकरण कितपत टिकते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. नेमाडे यांच्या कादंबऱ्या त्यांच्या सिद्धान्ताची उदाहरणे नाहीत. त्या सिद्धान्ताच्या आधीच्या आहेत, काही ठिकाणी त्याच्या पलीकडे जातात आणि काही ठिकाणी त्याला अडचणीतही आणतात. ज्या ठिकाणी असे घडते, त्या ठिकाणी बहुधा कवी नेमाडे उभे असतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

जीवनपट

भालचंद्र वनाजी नेमाडे यांचा जन्म २७ मे १९३८ रोजी जळगाव जिल्ह्यातील सांगवी या गावी शेतकरी कुटुंबात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पदवी घेतली. त्यानंतर डेक्कन कॉलेजमध्ये भाषाविज्ञानाचा व मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), धुळे, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), लंडनची स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज ही संस्था, गोवा विद्यापीठ असा त्यांच्या अध्यापनाचा प्रवास झाला. मुंबई विद्यापीठाच्या गुरुदेव टागोर तौलनिक साहित्य अध्यासनावरून ते निवृत्त झाले.

या प्रवासातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीच्या देशीपणाचा सर्वांत आग्रही पुरस्कार करणारा हा लेखक व्यवसायाने मुख्यतः इंग्रजीचा प्राध्यापक होता. भाषाविज्ञानाचे शिक्षण, इंग्रजीचे अध्यापन आणि खानदेशातील बोलीचा कान या तीन गोष्टी त्यांच्या ठिकाणी एकत्र आल्या. यांपैकी एकच निवडून त्यावर लेखकाची प्रतिमा उभी केली, तर ती अपुरी राहते.

साठच्या दशकात मुंबईत जी अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली, तिच्याशी नेमाडे यांचा जवळचा संबंध होता. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, भाऊ पाध्ये हे त्या वर्तुळातील प्रमुख लेखक. 'वाचा' या अनियतकालिकाच्या संपादनात नेमाडे यांचा सहभाग होता. प्रस्थापित मासिके, साहित्यसंमेलने आणि लेखकाला मिळणारी सामाजिक प्रतिष्ठा यांविषयीचा त्यांचा संशय याच काळात पक्का झाला. लेखकाचा 'लेखकराव' का होतो, हा प्रश्न त्यांनी विचारला तो याच भूमिकेतून. पुढील काळात मात्र मानसन्मानही त्यांच्या वाट्याला आले. 'टीकास्वयंवर'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार, २०११ साली पद्मश्री आणि २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर ज्ञानपीठ मिळवणारे ते चौथे मराठी लेखक ठरले.

'कोसला' : सिद्धान्तापूर्वीची कादंबरी

'कोसला' १९६३ साली रा. ज. देशमुख यांच्या देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली. त्या वेळी लेखकाचे वय पंचवीस होते. देशीवादाची तात्त्विक मांडणी त्यांच्या लेखनात ठळकपणे आली ती ऐंशीच्या दशकात. म्हणजे कादंबरी आणि सिद्धान्त यांच्यात सुमारे दोन दशकांचे अंतर आहे. वर्गात मात्र बहुधा क्रम उलटा असतो. आधी देशीवादाची व्याख्या दिली जाते आणि मग 'कोसला' तिच्या पुराव्यादाखल वाचली जाते. त्यामुळे पंचवीस वर्षांच्या तरुणाने लिहिलेल्या अस्वस्थ पुस्तकाला प्रौढ विचारवंताची निश्चिती चिकटते.

या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकराकडे अशी निश्चिती मुळीच नाही. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला हा मुलगा वसतिगृह, खानावळ, संमेलने, मित्र आणि परीक्षा यांतून फिरतो, वडिलांचे पैसे खर्च करतो, अपयशी ठरतो आणि गावी परततो. गावही त्याला सामावून घेत नाही. शहर परके आणि गाव आपले अशी विभागणी 'कोसला'त करता येत नाही. वडिलांच्या घरातील व्यवहार, तेथील अधिकार आणि हिशेब यांच्याविषयी पांडुरंगाच्या मनात जी अढी आहे, ती पुण्याविषयीच्या अढीइतकीच खोल आहे. देशी समाजव्यवस्थेचे समर्थन करणारा ग्रंथ म्हणून जे 'कोसला'कडे पाहतात, त्यांना पांडुरंग आणि त्याचे वडील यांच्यातील संबंधांचे स्पष्टीकरण देणे कठीण जाते.

कादंबरीच्या भाषेकडे पाहिले तर हाच मुद्दा वेगळ्या रीतीने पुढे येतो. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द 'कोसला'ची खूण म्हणून प्रसिद्ध आहेत. ही केवळ लकब नाही. 'उदाहरणार्थ' हा शब्द शास्त्रीय विवेचनाचा आहे. सामान्य नियम सांगून झाल्यावर तो येतो. पांडुरंगाजवळ सामान्य नियम नाही, फक्त उदाहरणे आहेत. 'वगैरे' हा शब्द यादी अर्धवट सोडतो आणि उरलेले सांगण्याच्या लायकीचे नाही असे सुचवतो. नियम नसलेली उदाहरणे आणि पूर्ण न होणाऱ्या याद्या यांतून या निवेदकाची जगाविषयीची भूमिका व्यक्त होते. डायरी, बखरीची लकब, थट्टेने रचलेला इतिहास असे अनेक प्रकार कादंबरीत वापरले आहेत, ते याच कारणाने. जे सरळ सांगितले तर खोटे वाटेल, ते दुसऱ्या कुणाच्या तरी शैलीत सांगायचे, ही त्यामागील गरज आहे.

ही उपहासाची भाषा एका ठिकाणी थांबते. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग येतो, तेव्हा 'वगैरे'चे संरक्षण पुरत नाही. तेथे वाक्यांची लय बदलते, पुनरुक्ती वाढते आणि गद्य विलापाच्या जवळ जाते. ज्या बोलण्याने पांडुरंगाने सगळ्यांना दूर ठेवले, ते बोलणे आता त्याच्याच उपयोगी पडत नाही. 'कोसला'चे स्थान ज्या कारणाने टिकून आहे, ते कारण बंडखोरीपेक्षाही या भागात आहे. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या कादंबरीशी 'कोसला'ची तुलना अनेकदा केली जाते. भावंडाच्या मृत्यूचा धागा दोन्हीकडे आहे. परंतु 'कोसला'तील शोकाची भाषा ही घरातील बायकांच्या रडण्याची आणि ओवीच्या वळणाची आहे. या ठिकाणी देशीपणा आहे हे खरेच, पण तो भूमिकेतून आलेला नाही. दुःख व्यक्त करण्यासाठी जवळ जी भाषा होती तीच वापरली गेली, म्हणून तो आला आहे.

'चतुष्टय' आणि अध्यापनाचा व्यवसाय

'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्या आणि पुढे स्वतंत्रपणे आलेली 'हूल' मिळून चांगदेव चतुष्टय तयार होते. 'कोसला'तील प्रथमपुरुषी निवेदन येथे नाही. चांगदेव पाटील या इंग्रजीच्या प्राध्यापकाची कहाणी तृतीयपुरुषी, कोरड्या आणि नोंदी घेतल्यासारख्या गद्यात सांगितली आहे. एका गावातील महाविद्यालय सोडून दुसऱ्या गावातील महाविद्यालयात जाणे, तेथेही तोच अनुभव येणे आणि पुन्हा सामान बांधणे, अशी तिची रचना आहे. 'बिढार' या शब्दातच फिरत्या संसाराचा अर्थ आहे.

या कादंबऱ्यांची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी खाजगी संस्थांची महाविद्यालये उभी राहिली. शेतकरी व कारागीर कुटुंबांतील मुले प्रथमच पदवीपर्यंत पोहोचू लागली. मराठी समाजाच्या इतिहासातील हा फार मोठा बदल होता. चतुष्टयाने त्याचे गुणगान केले नाही किंवा त्याची कुचेष्टाही केली नाही. नेमणुकांमागील जातीची गणिते, संस्थाचालकांची मर्जी, प्राचार्यांची दोन्हीकडची ओढाताण, हंगामी प्राध्यापकाची असुरक्षितता, आणि या सगळ्यात वर्गात शिकवण्याचे मूळ काम हळूहळू दुय्यम होत जाणे, या गोष्टी तपशिलाने नोंदवल्या आहेत.

येथे एक विसंगती नमूद करणे भाग आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या जीवनावर इतक्या विस्ताराने लिहिलेली कादंबरीमाला मराठीत दुसरी क्वचितच असेल. असे असूनही अध्यापकांच्या चर्चेत 'कोसला'ला जे स्थान मिळते, ते चतुष्टयाला मिळत नाही. तिच्यातील पाल्हाळ, पात्रांची गर्दी आणि कथानकाचा अभाव ही कारणे सहसा सांगितली जातात. ती पूर्णतः चुकीची नाहीत. परंतु 'कोसला' ही विद्यार्थ्याची कादंबरी आहे आणि तिच्यातील उपहास अध्यापकाला तटस्थपणे वाचता येतो. चतुष्टयातील आरोप थेट त्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो, हेही एक कारण असू शकते. चांगदेव वाईट नाही. तो शिकवतो, वाचतो, विचार करतो. मात्र अन्याय दिसला की तो प्रतिकार करण्याऐवजी गाव बदलतो. त्याचे निघून जाणे हा स्वाभिमान आहे की पलायन आहे, याचा निवाडा कादंबरी देत नाही. हा प्रश्न आजच्या अध्यापकालाही लागू पडतो. कायम नेमणुकांऐवजी कंत्राटी आणि तासिका तत्त्वावर ज्यांचे आयुष्य जाते, त्यांच्यासमोर तर गाव बदलण्याचा पर्यायही तितका खुला नसतो.

देशीवादाच्या दृष्टीने चतुष्टय आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. ज्या स्थानिक समाजाला सिद्धान्त मूल्यांचे उगमस्थान मानतो, तोच समाज येथे संस्थेच्या कार्यकारिणीत बसून जातीनिहाय नेमणुका करतो. म्हणजे देशी समाजाची सर्वांत कठोर चिकित्सा देशीवादाच्या प्रवर्तकाच्याच कादंबरीत आढळते. सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून वाचल्यास ही चिकित्सा नजरेआड होते.

कवी नेमाडे

'मेलडी' (१९७०) आणि 'देखणी' (१९९१) या दोन संग्रहांमध्ये एकवीस वर्षांचे अंतर आहे. कोलटकर, चित्रे, नामदेव ढसाळ यांच्या कवितेची जेवढी चर्चा झाली, तेवढी या कवितेची झाली नाही. कादंबरीकाराने अधूनमधून केलेले लेखन अशीच तिची संभावना झाली.

वस्तुतः 'मेलडी' हे शीर्षकच विचार करण्यासारखे आहे. पुढे देशीवादाचा पुरस्कार करणाऱ्या लेखकाने आपल्या पहिल्या संग्रहाला इंग्रजीतून आलेले नाव दिले, आणि ते देवनागरीत लिहिल्यावर मराठी कानाला परके वाटत नाही. आतील कवितेतही बोलण्याची गद्य चाल आणि लोकगीताची लय एकमेकींशेजारी येतात. गाता यावे अशी इच्छा आणि गाण्यावर विश्वास नसणे, असा ताण तिच्यात आहे. ज्या जळगाव जिल्ह्यातून बहिणाबाई चौधरी यांची गाणी आली, तोच या कवीचाही प्रदेश. बहिणाबाईंच्या लयीमागे शेतात आणि जात्यावर चालणारे काम होते. नेमाडे यांच्या कवितेत ते काम मागे राहिले आहे आणि लय तेवढी सोबत आली आहे. शिक्षणासाठी गाव सोडलेल्या पहिल्या पिढीची ही स्थिती आहे.

कवी नेमाडे यांचा खरा प्रभाव मात्र त्यांच्या कादंबऱ्यांत शोधावा लागतो. शीर्षकांचा विचार केला तरी ते जाणवते. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश, बिढार म्हणजे पाठीवरचा संसार, झूल म्हणजे बैलाच्या अंगावरचे शोभेचे वस्त्र, अडगळ म्हणजे टाकवत नाही आणि वापरवत नाही अशी घरातली वस्तू. हे सर्व शब्द घरातले आणि गोठ्यातले आहेत आणि प्रत्येक शब्द एकेका कादंबरीची प्रतिमा होतो. नायकांच्या नावांतही हीच दृष्टी आहे. पांडुरंग, चांगदेव आणि खंडेराव ही नावे पंढरपूर, तापी-पूर्णा संगमावरचे योगी चांगदेव आणि जेजुरी यांची आठवण करून देतात. देवांची आणि सिद्धांची नावे घेतलेली ही माणसे स्वतः मात्र अनिश्चित आणि एकाकी आहेत. हा विरोध सिद्धान्ताने सांगता येत नाही, तो प्रतिमेतूनच येतो.

समीक्षा, देशीवाद आणि 'हिंदू'

समीक्षक म्हणून नेमाडे यांचे कार्य नाकारता येणार नाही. मराठी कादंबरीच्या इतिहासाकडे पाहण्याची त्यांनी दिलेली चौकट आजही उपयुक्त आहे. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांपासून तीन प्रवाह निघतात आणि त्यांपैकी पहिला प्रवाह सामाजिक वास्तवाला भिडणारा आहे, ही त्यांची मांडणी अभ्यासकांना दिशा देणारी ठरली. महानुभाव गद्य, तुकाराम आणि जोतीराव फुले यांना जोडणारी परंपरा त्यांनी अधोरेखित केली. गणेश देवी यांचा 'आफ्टर अॅम्नेशिया' (१९९२) आणि मकरंद परांजपे यांनी संपादित केलेला 'नेटिव्हिझम' (१९९७) या ग्रंथांमुळे ही चर्चा मराठीबाहेरही गेली.

या सिद्धान्तावर घेतलेले आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. देशी म्हणजे नेमके कुणाचे, हा त्यांतील पहिला प्रश्न. गावाच्या परंपरेचा गौरव करताना गावकुसाबाहेरच्या माणसाचा अनुभव कोठे ठेवायचा? दलित साहित्याने ज्या परंपरेचा धिक्कार केला, तीच परंपरा मूल्यांचा स्रोत कशी मानायची? दुसरा प्रश्न संमिश्रतेचा आहे. कादंबरी हा साहित्यप्रकारच वसाहतकाळात येथे रुजला. अशा प्रकाराला देशी ठरवण्याची कसोटी कोणती, याचे पूर्ण समाधानकारक उत्तर सिद्धान्ताजवळ नाही.

'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही २०१० साली प्रसिद्ध झालेली बृहत् कादंबरी या प्रश्नांना सामोरी जाते. पुरातत्त्वाचा अभ्यासक असलेला खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून मोरगावातील घराकडे येतो. हजारो वर्षांचा इतिहास आणि एका कुटुंबाची वाताहत यांना एकत्र आणण्याचा हा प्रयत्न मराठीत अपूर्व आहे. उपशीर्षकातील 'समृद्ध' आणि 'अडगळ' हे दोन शब्द परस्परांना तोलून धरतात. यांपैकी केवळ 'समृद्ध' वाचणारा वाचक परंपरेचा अभिमानी होतो आणि केवळ 'अडगळ' वाचणारा तिचा विरोधक. कादंबरी दोघांनाही समाधान देत नाही, आणि हेच तिचे बळ आहे.

तथापि तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अनेक पृष्ठांवर खंडेराव विचार करत नाही, तर लेखकाची मते उच्चारतो. तेथे कादंबरीचे व्याख्यान होते. भटके, अस्पृश्य आणि स्त्रिया यांच्या कहाण्या मोठ्या संख्येने येतात, परंतु त्या शेतकरी घरातील सुशिक्षित पुरुषाच्या नजरेतून येतात. त्यांना सहानुभूती मिळते, निवेदनाचा अधिकार मिळत नाही. नेमाडे यांच्या इतर कादंबऱ्यांतील स्त्रियांविषयीही हेच म्हणता येईल. मनी तिच्या मृत्यूमुळे स्मरणात राहते, तिच्या बोलण्यामुळे राहत नाही. देशीपणाच्या व्याप्तीविषयीचा वर उल्लेखिलेला आक्षेप येथे कलाकृतीच्या पातळीवर खरा ठरतो.

समारोप

भालचंद्र नेमाडे यांच्या वाङ्मयीन कारकिर्दीचा एकत्रित विचार केल्यावर असे दिसते की, त्यांच्या ठिकाणी सिद्धान्त सांगणारा समीक्षक आणि सिद्धान्ताला न जुमानणारा लेखक यांचा संघर्ष सतत चालू राहिला. जेथे समीक्षक वरचढ ठरला, तेथे कादंबरी सैल आणि उपदेशपर झाली. जेथे लेखक वरचढ ठरला, तेथे मनीचा मृत्यू, चांगदेवाचे सामान बांधणे आणि मोरगावातील घर यांसारखे प्रसंग निर्माण झाले. या प्रसंगांना कोणत्याही वादाचे नाव देण्याची गरज भासत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक निष्कर्ष निघतो. 'टीकास्वयंवर' आधी शिकवून नंतर 'कोसला' वाचल्यास विद्यार्थ्याला उत्तर आधीच माहीत असते. त्याला पांडुरंगाबरोबर गोंधळण्याची संधी मिळत नाही. कालक्रमाने, म्हणजे 'कोसला', 'मेलडी', चतुष्टय आणि मग समीक्षा या क्रमाने वाचल्यास देशीवाद हा एका अस्वस्थ लेखकाने स्वतःच्या अनुभवासाठी नंतर शोधलेला आधार म्हणून समोर येतो. त्याची ताकद आणि त्याच्या भेगा दोन्ही तेव्हा दिसतात. आणि या वाचनात चतुष्टय वगळले जाणार नाही, याची काळजी अध्यापकाने घ्यावयास हवी. आपल्याच व्यवसायाविषयीची साक्ष पाल्हाळाचे कारण देऊन बाजूला ठेवणे, हे चांगदेवाच्या सहकाऱ्यांना शोभले असते.